चौदा आडवे

चौदा आडवे तुम्हाला येणार नाही. पेन्सिल चावत बसू नका, उगाच लाकूड पोटात जाईल. वाच बघू पुन्हा. ‘ओळख विचारायला दारोदार फिरते आणि ओळखच पुसून येते. चार अक्षरी.’ दुसरं अक्षर क, चौथं अक्षर क. तू ‘चकमक’ भरलंयस, हिला ‘बकबक’ वाटतंय, आणि ही मघापासून ‘लकलक’ला चिकटून बसलीये, का ते तिलाच ठाऊक. पहिलं आणि तिसरं घर कुठल्याच उभ्या शब्दाला लागत नाही, म्हणून अडलंय ना? ते का, हे मला माहितीये. पण नुसतं उत्तर सांगितलं तर मजा जाईल आणि माझी अब्रूही जाईल. तशी ती गेलेलीच आहे, छापून आलीये. पण निदान गोष्ट तरी नीट सांगू दे.

माझी मावशी पेपरात छापायला शब्दकोडी करते हे तुम्हाला माहितीये. दर आठवड्याला एक, एकोणीस वर्षं, एकही खाडा नाही. पाय मोडला होता तेव्हा प्लॅस्टरवर चौकोन आखून कोडं केलं होतं तिने, मी स्वतः पाहिलंय. आणि मामाचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे मी काम करते. मामा म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटली, टक्कल पडलं, तरी ती त्याला ‘छोट्या’ म्हणते, आणि तेही गिऱ्हाइकांसमोर.

आता मामाची कामाची पद्धत ऐका. मशीन आलं की तो आधी ते उलटं करतो, मग सगळे स्क्रू काढतो, ज्या जागचा स्क्रू त्याच जागी चुंबकाच्या पट्टीवर मांडतो, झाकण उचलतो आणि आत वाकून बघतो. मग कानावरची पेन्सिल काढून कागदाच्या चिठ्ठीवर आत काय काय आहे ते लिहितो. मेमरी किती, बॅटरी कुठली, पंखा कसला. एका मशीनला वीस मिनिटं. मी म्हटलं, मामा, मशीनलाच विचारू या ना, तुझ्यात काय काय आहे म्हणून. मामा म्हणाला, “विचार. पण दार वाजवायच्या आधी पाटी वाचत जा.” मला वाटलं हा असाच बोलतोय. हा नेहमीच असं काहीतरी बोलत असतो.

तर मी एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव आत्ता सांगणार नाही.

तो काय करायचा, सांगते. लॅपटॉपच्या आत एक गल्ली असते असं समजा. गल्लीला शंभर-सव्वाशे दारं. काही दारांमागे कुणी राहत नाही, काहींमागे छोट्या छोट्या चिप राहतात. एक तापमान बघते, एक बॅटरीकडे लक्ष ठेवते. माझा प्रोग्रॅम पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत जायचा, प्रत्येक दार वाजवायचा, आणि आतून कुणी ‘ओ’ दिली की नाव लिहून घ्यायचा. सव्वा मिनिटात सगळी यादी पडद्यावर. कुठे वीस मिनिटं आणि कुठे सव्वा मिनिट. दोन आठवडे दुरुस्तीला आलेल्या सगळ्या मशीनवर चालवला, एकदाही काही बिघडलं नाही. मी तर हवेतच होते. मामासुद्धा एकदा म्हणाला, “बरंय.” त्याच्या तोंडून ‘बरंय’ म्हणजे इतरांनी हार घालण्यासारखं.

मग त्या दिवशी सकाळी अकराला मावशी दुकानात आली. तिच्याकडे ते जुनं काळं जाड मशीन आहे ना, त्याला आम्ही कासव म्हणतो. जड, हळू, पण मरत नाही. तसलंच दुसरं एक कासव दुकानात आहे, आम्ही त्यावर सुटे भाग तपासतो. मावशीच्या कासवाचं बिजागर खुळखुळ करत होतं. मामा बाहेर कुणाचा तरी प्रिंटर गाडीतून उतरवत होता, म्हणून मीच दोन स्क्रू आवळून दिले.

मावशी म्हणाली, “झालं? आता माझ्या शब्दांची कॉपी करून दे. तीनदा सांगितलंय तुला.”

शब्द म्हणजे तिची पोतडी. एकोणीस वर्षांत तिने कोड्यांत वापरलेला प्रत्येक शब्द, कधी वापरला, काय सूचना दिली होती, सगळं एका जागी. एक्केचाळीस हजार शब्द. त्याशिवाय ती नवीन कोडं करूच शकत नाही, कारण एकदा दिलेली सूचना ती पुन्हा देत नाही. तिचं व्रतच आहे ते. आणि ते सगळं त्या एकाच कासवात. खरंच तीनदा सांगितलं होतं तिने. मी तिन्ही वेळा ‘हो करते’ म्हटलं होतं.

चौथ्यांदाही तेच म्हटलं. “हो गं, करते. आधी एक गंमत बघ.”

आणि चालवला प्रोग्रॅम.

तिला काय आवडला म्हणून सांगू. खुर्ची ओढून बसली. एकेक नाव पडद्यावर येत गेलं तशी म्हणायला लागली, “अगंबाई, एवढी मंडळी राहतात माझ्याकडे? आणि भाडं एकाचंही नाही.” तेवीस जणांनी ‘ओ’ दिली. मी सरळ फुगले. मग तिने घड्याळ बघितलं, झाकण मिटून मशीनला डुलकीवर ठेवलं, पिशवीत टाकलं आणि वाचनालयात निघाली. “पाचच्या आत कोडं पाठवायचंय, एकच सूचना राहिलीये. कॉपी उद्या, पण उद्या म्हणजे उद्या.” आणि गेली.

मी इतकी खुशीत होते की दुकानातल्या कासवावरही चालवला. तिथेही तेवीस. म्हटलं चला, आता मशीन एकदा बंद करून चालू करू आणि दुसऱ्या कामाला लागू.

बंद झालं. चालू होईना.

म्हणजे दिवा लागला, पंखा फिरला, दोनदा पिप पिप झालं आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ आली. ओळख पटत नाही. बस्स. पुढे काही नाही. मी बटण दाबलं, धरून ठेवलं, सोडलं, बॅटरी काढून घातली, फुंकर मारली. हसू नका, तुम्हीही मारली असती. पुन्हा पिप पिप. ओळख पटत नाही.

मामा प्रिंटर घेऊन आत आला. त्याने ते पिप पिप ऐकलं आणि प्रिंटर हातात धरूनच उभा राहिला.

“काय केलंस?”

“काही नाही. फक्त विचारलं.”

“काय विचारलंस?”

“कोण आहेस म्हणून.”

त्याने प्रिंटर खाली ठेवला. “आणि विचारलंस कसं?”

आता हे जरा नीट ऐका, सगळी गोम इथे आहे. माझा प्रोग्रॅम दार वाजवायचा म्हणजे दाराच्या फटीतून एक कोरा कागद आत सरकवायचा. शहाणी चिप असेल तर म्हणते, कोरा आहे, वेड लागलंय हिला, आणि नुसती ‘ओ’ देते. पण कासवात एक बारकी चिप आहे, जिच्यात कासवाची ओळख लिहिलेली असते. त्याचा नंबर, त्याची कुलपं, सगळं. ती बिचारी आज्ञाधारक. तिला वाटतं, कोरा कागद आला म्हणजे हुकूम आला, आपणही कोरं व्हायचं. आणि ती आपली घरं पुसायला लागते. मशीन चालू असेपर्यंत काही कळत नाही, कारण ओळख फक्त उठताना तपासतात. जागं आहे तोवर ठीक. एकदा बंद झालं की उठताना म्हणणार, मी कोण?

मामाने हे दोन वाक्यांत सांगितलं आणि तिसऱ्या वाक्याला म्हणाला, “बरं झालं, आपलंच कासव होतं.”

मी स्क्रू मोजायला लागले. त्याने माझ्याकडे बघितलं. मग मावशीच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

“ताईचं पण?”

मी मान हलवली.

“आणि तिच्या शब्दांची कॉपी?”

मी मान हलवली, दुसऱ्या दिशेने.

“पळ,” मामा म्हणाला. “बंद करायच्या आत गाठ. चालू असेल तर सगळं वाचेल.”

फोन लावला, बंद. वाचनालयात ती फोन बंदच ठेवते. मग पळाले. चपलेचा एक पट्टा किल्लीवाल्याच्या दुकानापाशीच तुटला. किल्लीवाला म्हणाला, “कोण मागे लागलंय?” मी म्हटलं, “मीच.” एक चप्पल हातात, एक पायात, पुलाच्या पायऱ्या चढले, उतरले, लाँड्रीसमोरच्या ओल्या फरशीवर घसरले, तिथल्या बाईने माझ्याकडे बघून नुसताच सुस्कारा टाकला. आणि डोक्यात एकच. मावशीची ती सवय.

तिची सवय सांगितली नाही ना? अरे हो, ती महत्त्वाची. कुणी माणूस बोलायला आलं की मावशी मशीन बंद करते. नुसतं झाकण नाही, पूर्ण बंद. कारण एकदा काय झालं, शेजारणीशी गप्पा मारता मारता हात चालूच राहिले आणि शेजारणीच्या जावयाचं घरातलं टोपणनाव सहा उभ्यात जाऊन बसलं. छापून आलं. सूचनेसकट. जावई वर्षभर त्या घरी जेवला नाही. तेव्हापासून समोर माणूस आलं की यंत्र बंद. म्हणजे मी तिच्यासमोर जाऊन बोलणं हेच धोक्याचं. लांबूनच सांगायला हवं होतं.

वाचनालय दुसऱ्या मजल्यावर. मी धापा टाकत पोचले, तर बसायच्या खोलीला काचेचा दरवाजा, आणि आतून ग्रंथपाल बाईंनी माझ्या हातातली चप्पल बघून दार धरून ठेवलेलं. बोट ओठांवर, आणि दुसरं बोट ‘शांतता’ लिहिलेल्या पाटीवर. काचेतून मला मावशी दिसली. खिडकीपाशी, कासव उघडं, चष्मा कपाळावर, काहीतरी पुटपुटतेय. म्हणजे चालू होतं. वाचलो होतो आम्ही.

मी दोन्ही हात वर केले आणि जोरजोरात हलवले. मावशीने बघितलं. हसली. मी ‘नको, बंद करू नकोस’ असं सांगायला दोन्ही हातांची फुली केली, छातीसमोर, अशी. पुन्हा पुन्हा केली. आता तुम्हीच सांगा, काचेपलीकडून कुणी दोन हात असे एकमेकांवर आपटत असेल तर तुम्हाला काय वाटेल?

बरोबर. मावशीलाही तेच वाटलं. तिने समजूतदारपणे मान हलवली, ‘हो हो, बंद करते’, बटण दाबलं, पडदा काळा होईपर्यंत शांतपणे थांबली, झाकण लावलं, आणि मग माझ्याकडे बघून हात केला. ये आता, बोल.

मी जिन्यातच बसले. ती बाहेर आली, माझ्या शेजारी पायरीवर बसली, माझी चप्पल हातात घेऊन पट्टा बघायला लागली. मी सगळं सांगितलं. तिने मध्ये एकही शब्द विचारला नाही, आणि मावशीने शब्द न विचारणं म्हणजे काय हे तुम्हाला कळणार नाही. डिस्क दुसऱ्या मशीनला लावून बघू या का, असं तिने शेवटी एकदाच विचारलं. मी म्हटलं, डिस्कला कुलूप आहे आणि कुलपाची किल्ली त्याच चिपमध्ये आहे.

“एक्केचाळीस हजार,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि आजचं कोडं?”

“पाठवलं नाहीस ना?”

“चौदा आडव्याला नीट सूचना सुचेना म्हणून थांबले होते.” मग चपलेचा पट्टा तिने केसातली पिन काढून जोडला आणि उठली. “चल. किती वाजले? साडेबारा. साडेचार तास आहेत. रडायचं असेल तर चालता चालता रड.”

खरं सांगते, ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुकानात मामाने तोवर आमच्या कासवाची पाठ उघडून ठेवलेली. मावशीला बघून म्हणाला, “ताई, मी हिला सांगितलं होतं, पाटी वाच म्हणून.”

“छोट्या, तू मलाही लहानपणी सांगितलं होतंस की विंचू चावत नाही. कामाला लाग.”

ती चिप म्हणजे एवढीशी. आठ पाय, मुंगीपेक्षा दोन जास्त, बाकी आकार तोच. मामाने बारीक चिमटा तिच्या पायांना लावला, दुसऱ्या मशीनवर तिच्यातलं सगळं वाचून घेतलं आणि छापलं. नुसतं वाचलं तर काही बिघडत नाही, हे त्याने मला मुद्दाम दोनदा सांगितलं. मग मावशीचं कासव उघडलं, तेही छापलं. दोन कागद. सोळा ओळी, ओळीत सोळा घरं, प्रत्येक घरात दोन आकडे. आणि जिकडे तिकडे शून्यं. शून्य शून्य, शून्य शून्य. काही शून्यं मुळातलीच, काही माझ्या प्रोग्रॅमने केलेली. कुठली कुठली, कसं ओळखायचं? मी त्या कागदाकडे बघत बसले आणि मला फक्त भोकं दिसत होती.

मावशीने कागद स्वतःकडे ओढला. चष्मा कपाळावरून नाकावर आणला. “यात काळी घरं कुठली आणि रिकामी कुठली?”

“तेच तर कळत नाहीये.”

“कळतंय की. ही इथे घोळक्याने बसलीत ना, ती काळी. ती मुळातलीच आहेत, कोडं करणाऱ्याने ठेवलेली. पण ही बघ एकटी एकटी. पहिल्या ओळीत पहिलं घर, दुसऱ्या ओळीत दुसरं, तिसरीत तिसरं. जिना उतरतायत. आणि दुसऱ्या कागदावर पण तोच जिना.”

मी बघितलं. जिनाच होता. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेच ना. आणि मग आठवलं, माझाच प्रोग्रॅम, दर फेरीला एक घर पुढे सरकतो. मीच तसं लिहिलं होतं.

मामा खुर्ची सरकवत जवळ आला. “ताई, कासवांची एक खोड आहे. प्रत्येक ओळीचं शेवटचं घर म्हणजे आधीच्या पंधरा घरांची बेरीज. उठताना तेच तपासतात. बेरीज जुळली तर ओळख पटली.”

“म्हणजे ओळीत एकच घर रिकामं आणि बेरीज माहीत?” मावशी म्हणाली. “अरे, हा तर पोरखेळ झाला. शेवटच्या ओळीत बेरजेचंच घर गेलंय, ते तर त्याहून सोपं.”

“पोरखेळ नाही. हे आकडे सोळाच्या हिशोबाने चालतात. नऊ झाले की दहा नाही, ए येतो. मग बी, सी, डी, ई, एफ. आणि बेरीज फार वाढली तर शेवटचे दोनच आकडे ठेवायचे.”

“आकड्यांत अक्षरं?” मावशीने पेन्सिल मागायला हात पुढे केला. मामाने कानावरची दिली. “मग हे तुझ्याकडे कशाला आलं? हे माझ्या खात्यातलं आहे.”

मी म्हटलं, एक छोटा प्रोग्रॅम लिहिते, पटकन काढेल सगळं. दोघं एकदम म्हणाले, “नको.” त्या दोघांचं एकमत झालेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

तर हाताने. दुकानातल्या कासवाचा कागद मी घेतला, मावशीचा मावशीने. मामा बोटांवर सोळाची मोजणी करायचा प्रयत्न करत होता आणि दर वेळी सहा बोटं कमी पडत होती. गिऱ्हाइकं येत होती. एक जण म्हणाला, माझा लॅपटॉप तयार आहे का? मामा म्हणाला, “आज आमच्याकडे गणिताचा पेपर आहे, उद्या या.” तो बिचारा ‘बरं, शुभेच्छा’ म्हणून गेला.

पावणेचारला माझा कागद झाला. मामाने चिमटा लावला, मी आकडे भरले, चिमटा काढला, मामाने बटण दाबलं. दिवा, पंखा. पिप. एकदाच पिप, आणि कासव उठलं. मी मामाला मिठीच मारली, त्याच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर माझ्या बरगडीत घुसला तरी.

मग मावशीचा कागद. मी एकेक घर बघत भरलं. चार वाजून बारा मिनिटांनी बटण दाबलं.

पिप पिप. ओळख पटत नाही.

मावशीने फक्त तिची पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्या बंदाला गाठी मारायला लागली. तेवढीच तिची घाबरल्याची खूण. आईने मला सांगितलं होतं एकदा. मी ती आधी कधी बघितली नव्हती.

“पुन्हा तपासू,” मामा म्हणाला. मावशीने सगळ्या बेरजा पुन्हा केल्या. सगळ्या बरोबर. तिची एकही चूक नाही. कागद बरोबर, चिमटा बरोबर, आणि कासव म्हणतंय मी कोण. साडेचार वाजले.

शेवटी मामा म्हणाला, “तू पडद्यावरचं वाच. मी कागदावरचं बघतो.”

मी वाचायला लागले. पहिली ओळ, दुसरी ओळ. अकराव्या ओळीला आले. “अकरावं घर, आठ सी.”

मामा म्हणाला, “चार सी.”

“आठ आहे.”

“अगं चार आहे.”

“मामा, आठ लिहिलंय स्पष्ट.”

मावशी वाकली. बघितलं. आणि हसायला लागली. म्हणजे अशी हसली की तिला चष्मा काढावा लागला. “अगं कार्टे, मी मराठीत लिहिते ना.”

एकोणीस वर्षं कोडी करून करून तिचा हात मराठी आकड्यांचाच. सगळ्या कागदावर तिने मराठी आकडे काढले होते, मी भरताना मनातल्या मनात बदलत गेले होते. पण तिचा चार म्हणजे वर मोकळा, खाली गाठ, आणि घाईत वरची तोंडंही जुळलेली. मराठीतला चार, आणि मी इंग्रजी आठ समजून भरला. बाकी सगळे चार बरोबर ओळखले, हा एकच आठ झाला. हजार वेळा शाळेत लिहिलेला चार मला ओळखता आला नाही, आणि निघाले होते जगाला ओळख विचारायला.

आठ खोडला. चार भरला. चिमटा काढला. मामाने बटण दाबायला बोट पुढे केलं तर मावशीने ते बाजूला सारलं. “माझं आहे. मी दाबते.”

दिवा. पंखा. पिप.

आणि मग काहीच नाही. आणि मग पडद्यावर तिच्या कुलपाची खिडकी आली, पासवर्ड द्या. तिने दिला. अठरा अक्षरांचा आहे, मी मोजले, पण बघितला नाही. आणि पोतडी उघडली. एक्केचाळीस हजार, एकही न सांडता. मावशीने खात्री करायला म्हणून एक शब्द शोधला. ‘कासव’. आठ वर्षांपूर्वी वापरलेला. सूचना होती, ‘घर पाठीवर, घाई नाही.’ ती पडद्याला म्हणाली, “घाई नाही काय, मेल्या.”

चार पंचेचाळीस. मी म्हटलं, “मावशी, कोडं पाठव.”

ती म्हणाली, “आधी कॉपी. पाचव्यांदा सांगतेय.”

मी अशी कॉपी केली की तशी आयुष्यात कुणी केली नसेल. दोन पेन ड्राइव्हवर दोन. मामाने तिसरी केली, माझ्यावर विश्वास नाही म्हणून. तोवर मावशी कोड्याकडे बघत होती. चौदा आडवे. तिथे तिने ‘चकमक’ घातलं होतं, आणि चांगली सूचनाच सुचत नव्हती, कारण चकमकीच्या सगळ्या सूचना एकोणीस वर्षांत देऊन झाल्या होत्या. तिने एकदा पडद्याकडे बघितलं. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. पिनेने जोडलेली चप्पल, गुडघ्याला लाँड्रीसमोरचा चिखल.

“तुझ्या त्या प्रोग्रॅमचं नाव काय ठेवलंयस गं?”

मी सांगितलं.

तिने बोटांवर अक्षरं मोजली. मग पहिलं घर पुसलं, तिसरं घर पुसलं, दोन नवीन अक्षरं भरली. दुसरा आणि चौथा क तसाच राहिला. उभे शब्द हलवावेच लागले नाहीत. सूचना तिने एका दमात लिहिली, न थांबता, आणि चार छप्पन्नला कोडं गेलं.

मामाने वाकून सूचना वाचली आणि म्हणाला, “बरंय.”

आता प्रोग्रॅम बदललाय मी. दार वाजवायच्या आधी पाटी वाचतो. समोर कासव असेल तर लांबूनच नमस्कार करून पुढे जातो. मामा अजूनही स्क्रू काढतोच, पण चिठ्ठी आता माझ्या यादीशी ताडून बघतो आणि काही जुळलं नाही तर फार खूश होतो. आणि मावशी काल दुकानात आली, माझ्याशी बोलायचं म्हणून बटणाकडे हात नेला, आणि मी इतक्या जोरात दचकले की तिने बोट तिथेच धरून विचारलं, “करू ना बंद?” मी म्हटलं कर. पडद्याकडे न बघता. उठलं नंतर, एका पिपमध्ये.

चला, द्या ती पेन्सिल. पहिल्या घरात ट. तिसऱ्या घरात ट. टकटक. तू ‘चकमक’ पेनने भरलंयस? मग आता तसंच राहू दे. तुझं उत्तर चार पंचेचाळीसपर्यंत बरोबर होतं.